बारोलो तुरट का लागली? पिएमोन्तेच्या टेकड्या, नेब्बिओलो आणि त्याचे शेजारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेकीने इटलीतल्या तोरीनोहून येताना बारोलो या तांबड्या वाइनच्या 2019 सालच्या दोन बाटल्या आणल्या. एक गणपतीत पाहुणे आले तेव्हा उघडली. रंग फिका, पहिल्याच घोटाला तोंड आवळून आलं आणि एवढे पैसे वाया गेले असं वाटलं. दुसरी पुण्यात कपाटात पडून आहे. आता ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं तिच्याकडे जाताय, चार दिवस मोकळे आहेत. या भागातली वाइन समजून कशी घ्यावी आणि येताना काय आणावं?

पैसे वाया गेलेले नाहीत. बाटली लवकर उघडली गेली, आणि बहुधा सोबतचं जेवण तिला मानवणारं नव्हतं. मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेतच वाढले आणि वाइन करण्याचं काम गेली अठरा वर्षं करते आहे. त्यातले दोन हंगाम, 2014 आणि 2016, मी तोरीनो ज्या प्रांतात आहे त्या पिएमोन्तेतल्या लांगे भागात तोडणीला आणि तळघरात काम केलं. जाण्यापूर्वी माझाही समज होता की बारोलो म्हणजे जाडजूड, काळीकुट्ट, दणकट वाइन असणार. पहिल्याच दिवशी तिथल्या मालकिणीने पेल्यात ओतून दिली ती विटकरी झाक असलेली, आरपार दिसणारी. मी पेल्यापलीकडची तिची बोटं मोजू शकत होते.

फिक्या रंगाचं कारण द्राक्षातच आहे. बारोलो आणि तिची शेजारीण बार्बारेस्को या दोन्ही वाइन फक्त नेब्बिओलो या एकाच वाणाच्या असतात. त्याच्या सालीतली रंगद्रव्यं मुळात कमी, आणि जी असतात तीही हवेशी लवकर संयोग पावून उतरतात. म्हणून तरुण बारोलोसुद्धा कडेला नारिंगी दिसते. तो बिघाड नाही. टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, मात्र या वाणात भरपूर, सालीतही आणि बीमध्येही. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी जड होते तशी ती जड होते. त्यात आम्लताही चढी. रंग नाजूक आणि अंगकाठी कडक, असं हे विचित्र द्राक्ष आहे, आणि ज्याला ते एकदा उमगलं त्याला दुसरं फारसं रुचत नाही.

वेलीचा स्वभावही तसाच हट्टी. वसंतात सगळ्यांच्या आधी फुटतो, म्हणजे उशिराच्या थंडीत कोंब जळायची भीती. पिकतो सगळ्यांच्या शेवटी, सहसा ऑक्टोबरात, म्हणजे तोडणीच्या तोंडावर पावसाची भीती. काडीवरच्या पहिल्या काही डोळ्यांत घडच येत नाही, म्हणून आखूड छाटणी चालत नाही, लांब काडी ठेवून ती तारेवर वाकवावी लागते. आपल्याकडे थॉमसन द्राक्षाची बाग केलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. काडी कुठे फळते आणि कुठे नाही, हे आपल्या बागाईतदाराला पाठच असतं. मण्यांवर दाट धुरकट थर असतो. नाव त्यावरून पडलं, की ऑक्टोबरात दऱ्यांत भरून राहणाऱ्या धुक्यावरून (इटालियनमध्ये धुक्याला नेब्बिआ म्हणतात), याबद्दल तिथे दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं भेटतात. नाव मात्र जुनं आहे. तोरीनोजवळच्या रिवोली इथल्या 1266 च्या नोंदीत ते सापडतं.

आता टेकडीकडे या, कारण या प्रदेशाचा सगळा हिशोब टेकडीच्या उतारावर मांडलेला आहे. थंडीत बर्फ पडलं की ते सगळ्यात आधी कुठे वितळतं हे जुने शेतकरी बघून ठेवत, आणि तिथे नेब्बिओलो लावत. अशा दक्षिणाभिमुख उताराला तिथल्या बोलीत सोरी म्हणतात, टेकडीच्या माथ्याला ब्रिक्को. बाटलीवर हे शब्द दिसले तर लक्षात ठेवा. त्याहून थोड्या कमी उन्हाच्या जागी बार्बेरा हा दुसरा काळा वाण, आणि जिथे यातलं काही नीट पिकणार नाही तिथे लवकर तयार होणारा दोल्चेत्तो. उत्तरेकडच्या थंड उतारांवर आणि उंचावर हेझलनटची झाडं. आल्बा शहरातल्या फेरेरो या चॉकलेट कंपनीच्या कारखान्याचं नाव जगभर झालं ते या हेझलनटच्या जोरावर. ला मोर्रा गावाच्या सज्जावर उभं राहून खाली बघितलं की हा नकाशा डोळ्यांसमोर पसरलेला दिसतो. लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो इथल्या या द्राक्षभूमीला 2014 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला.

आल्बा हे मधलं शहर. त्याच्या नैऋत्येला बारोलो, ईशान्येला बार्बारेस्को. बारोलोची हद्द अकरा गावांत पसरली आहे. बारोलो तळघरातून बाहेर पडण्याआधी किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. लेबलवर रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, असं लिहायचं तर 62 महिने. बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात, त्यातले 9 लाकडात. बार्बारेस्कोची टेकाडं तानारो नदीच्या जवळ, थोडी सखल आणि उबदार, त्यामुळे तोडणी बहुतेक वर्षी आधी होते आणि वाइन जरा लवकर मोकळी होते. पण बार्बारेस्को म्हणजे हलकी बारोलो असं कुणी सांगितलं तर मानू नका. तिची स्वतःची चाल आहे, आणि चांगली बार्बारेस्को वीस वर्षं सहज टिकते.

बारोलोच्या आतही फरक आहे, तो मातीचा. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो गावाकडे निळसर-करडी चुनखडीमिश्रित चिकणमाती, तिथली वाइन सुवासिक आणि तुलनेने लवकर नरम होणारी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेकडे माती जुनी, घट्ट, वालुकाश्माच्या थरांची. तिथली वाइन कडक आणि लांब पल्ल्याची. तुमची बाटली कोणत्या गावची होती ते मागच्या लेबलवर पाहा. सेर्रालुंगाची असेल तर तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

2010 पासून बारोलोच्या लेबलवर शेतशिवाराची नावं अधिकृतपणे लिहिता येतात: कान्नूबी, ब्रुनाते, चेरेक्विओ, बुस्सिया, विन्या रिओन्दा. अशी एकूण 181 नावं आहेत. इथे एक गोष्ट ठासून सांगते. ही नावं म्हणजे दर्जाची पायरी नाही. सरकारने फक्त हद्दी आखल्या आहेत, कोण वरचं आणि कोण खालचं हे ठरवलेलं नाही. बुस्सियाच घ्या, हे शिवार एवढं मोठं आहे की नुसत्या नावावरून आत काय असेल याचा अंदाज येत नाही. बाटली निवडताना आधी उत्पादक पाहा, मग वर्ष, मग शिवार.

उत्पादकाचा हात किती फरक करतो याचा इतिहास तिथे अजून ताजा आहे. जुनी पद्धत अशी: रस आणि साली महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस एकत्र ठेवायच्या, आणि मग स्लाव्होनियन ओकच्या प्रचंड पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचं. 1980 च्या दशकात तरुण शेतकऱ्यांनी बंड केलं. साली थोडेच दिवस ठेवायच्या आणि नव्या फ्रेंच ओकच्या 225 लिटरच्या छोट्या पिंपांत वाइन मुरवायची, म्हणजे ती लवकर गोडसर, गुळगुळीत लागते. ला मोर्राच्या एलिओ आल्तारे यांनी वडिलांची जुनी पिंपं करवतीने कापली. वडिलांनी त्यांना वारसातून वगळलं. दुसऱ्या टोकाला बार्तोलो मास्कारेल्लो. छोट्या पिंपांना ठाम नकार आणि तो नकार त्यांनी हाताने रंगवलेल्या लेबलवरही लिहिला. आज दोन्ही बाजू मध्यावर आल्या आहेत. मोठी पिंपं परत आली, पण तळघरं स्वच्छ झाली आणि बागेत घड विरळणी होऊ लागली. माझा स्वतःचा कौल जुन्या पद्धतीला आहे. नव्या ओकचा व्हॅनिलाचा वास नेब्बिओलोच्या गुलाबावर आणि डांबरावर पांघरूण घालतो. डांबर हा शब्द वाचून बिचकू नका. वाळलेल्या गुलाबपाकळ्या, डांबर, ज्येष्ठमध आणि पावसानंतरचं जंगल, हाच या वाणाचा खरा वास आहे.

2016 मध्ये मी ज्या तळघरात होते तिथे जुनी रीत होती. आंबवण जोरात असताना साली वर तरंगतात आणि जाड थर बनतो. तो जोर ओसरल्यावर टाकीत लाकडी फळ्या आडव्या बसवून तो थर रसाखाली दाबून ठेवायचा. रोज सकाळी टाकीच्या नळातून घोटभर काढून चाखायचं. दहाव्या दिवशी ती एवढी कडक लागली की मला वाटलं आता साली वेगळ्या करायला हव्यात. म्हातारा तळघरप्रमुख फक्त म्हणाला, थांब. विसाव्या दिवशी आणखी कडक. तिसाव्या दिवशी टॅनिन तेवढंच होतं, पण त्याचे कोपरे गेले होते. सुती कापडाऐवजी मखमल जिभेवर ओढल्यासारखं. त्या दिवसानंतर मी माझ्या स्वतःच्या कामात घाई करणं सोडलं.

2014 चा हंगाम याच्या उलट. उन्हाळाभर पाऊस, पानांवर डाऊनी ही बुरशी, काही शिवारांत गारपीट. निवडीच्या पट्ट्यापाशी उभं राहून आम्ही प्रत्येक घड हातात घेऊन सडका मणी कात्रीने काढत होतो. बिया चावून बघायच्या: तपकिरी होऊन कुडकुडीत फुटली तर पिकली, हिरवी आणि कडू असेल तर अजून नाही. बारोलोपेक्षा बार्बारेस्कोकडे त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि तिथल्या वाइन बऱ्याच उजव्या निघाल्या. दुकानात 2014 ची बार्बारेस्को दिसली तर वर्षाचं नाव खराब म्हणून सोडू नका.

बार्बारेस्को गावात तुम्ही जायलाच हवं, आणि तेही तिथल्या सहकारी तळघरात. हे मी मनापासून सांगते आहे. 1894 साली आल्ब्याच्या वाइन शाळेचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी गावातल्या शेतकऱ्यांना एकत्र करून पहिली सहकारी संस्था काढली. त्याआधी इथला नेब्बिओलो बारोलोत मिसळायला जायचा, स्वतःचं नाव नव्हतं. फॅसिस्टांच्या काळात ती संस्था बंद पडली. पुढची तीस-पस्तीस वर्षं शेतकरी द्राक्षं घेऊन बाजारात उभे राहायचे आणि दलाल संध्याकाळपर्यंत थांबवून भाव पाडायचे, कारण तोडलेलं द्राक्ष थांबत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला हे वाचून काय वाटेल ते मला माहीत आहे. 1958 मध्ये गावचे पाद्री फिओरिनो मारेन्गो यांनी एकोणीस शेतकऱ्यांना पुन्हा जमवलं. पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. तीच आजची प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को. पन्नासएक कुटुंबं, सगळी फक्त नेब्बिओलो देतात, आणि चांगल्या वर्षी नऊ शिवारांच्या नऊ वेगळ्या रिझेर्वा निघतात. सगळ्यांना पद्धत एकच, मुरवणं एकसारखं. म्हणजे आसिली, ओवेल्लो आणि मोंतेस्तेफानो शेजारी ठेवून चाखल्या तर जो फरक जाणवेल तो निव्वळ जमिनीचा. मातीचा धडा एवढा स्वच्छ मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही, आणि किंमतही नामांकित घराण्यांच्या मानाने रास्त.

त्याच गावात गाया यांचं घराणं आहे. आंजेलो गाया यांनी 1978 मध्ये नेब्बिओलोच्या चांगल्या जागेवर काबर्ने सोव्हिन्यों हा फ्रेंच वाण लावला तेव्हा वडील म्हणाले, दारमाजी, म्हणजे अरेरे. मुलाने वाइनला तेच नाव दिलं. त्यांच्या बाटल्यांची किंमत वेगळ्या जगातली आहे. बाहेरून दरवाजा बघून पुढे जा.

नेब्बिओलोवरच थांबलात तर पिएमोन्तेतलं रोजचं जेवण कळणार नाही. तिथल्या घरात दुपारी जी बाटली उघडते ती बहुतेक बार्बेरा किंवा दोल्चेत्तो. दोल्चेत्तोचा अर्थ गोडुला, पण वाइन पूर्ण कोरडी असते, जांभळी, मऊ, शेवटी बदामासारखी किंचित कडसर. बार्बेरात टॅनिन नाहीच म्हणावं इतकं कमी, रंग गडद आणि आम्लता तरतरीत. पूर्वी ती गरिबाची वाइन मानली जायची. 1986 मध्ये काही बदमाशांनी स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलं, वीसच्या वर माणसं दगावली आणि पिएमोन्तेच्या स्वस्त वाइनचं नाव मातीला मिळालं. त्याच दशकात जाकोमो बोलोन्या यांनी 1982 च्या हंगामापासून बार्बेरा छोट्या ओक पिंपांत मुरवून दाखवली आणि लोक या वाणाकडे नव्या नजरेने बघू लागले. इथे लाकूड मला खटकत नाही, कारण बार्बेरात स्वतःचं टॅनिन नसतं, लाकडाचं तिला उपयोगी पडतं. 2014 पासून नीत्सा या गावाच्या नावाने तिला स्वतंत्र दर्जाही मिळाला.

आणि आपल्या जेवणाशी जुळणारी तीच. तिखट आणि टॅनिन एकमेकांना पेटवतात. गणपतीच्या दिवसांतल्या मसालेभात-भजीसोबत बारोलो उघडली असेल तर तोंड आवळणारच, वाइन मुरलेली असती तरी. तिथे बारोलोसोबत वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं गोमांस, जुनं चीज किंवा अंड्याच्या पिवळ्या बलकाची तायारीन शेवई लोण्यात परतून देतात. प्रथिनं आणि स्निग्धांश टॅनिनला गुंतवून ठेवतात, जिभेला मोकळं सोडतात. शाकाहारी असाल तर मुरलेलं चीज आणि मशरूम पुरेत. बार्बेरा मात्र मटणाच्या रश्श्यासमोरही टिकते, फक्त जरा थंड करून घ्या.

पांढऱ्या वाइनचं थोडक्यात सांगते. रोएरोतल्या वाळूवरचा आर्नेइस हा वाण एकेकाळी जवळजवळ नाहीसा झाला होता, आता सगळीकडे मिळतो, ताजाच प्यायचा. तोर्तोना भागातला तिमोरास्सो वॉल्टर मास्सा यांनी परत उभा केला. ती पांढरी असूनही वर्षानुवर्षं मुरते. मी पैसे त्यावर घालीन.

मोस्कातो दास्ती या गोड वाइनबद्दल दुकानदार नाक मुरडतील, तिकडे लक्ष देऊ नका. अल्कोहोल जेमतेम पाच टक्के, हलके बुडबुडे, नारिंगी फुलांचा आणि पिकलेल्या पीचचा वास. गार करून आंबवण मध्येच थांबवतात म्हणून द्राक्षाची नैसर्गिक साखर तशीच उरते. ही वाइन साठवायची नाही, त्याच वर्षी संपवायची. तिथे हेझलनटच्या केकसोबत देतात.

तोरीनोत मुक्काम आहे म्हणून एक वेगळी सुचवण. उत्तरेला आओस्ता खोऱ्याच्या तोंडाशी कारेमा नावाचं गाव आहे. तिथे नेब्बिओलो डोंगराच्या दगडी पायऱ्यांवर, जाड दगडी खांबांवर तोललेल्या लाकडी मांडवावर चढवतात. दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब सोडतो. आपल्याकडचे मांडव बघितलेल्या माणसाला ते पाहून भरून येतं. वाइन बारोलोपेक्षा सडपातळ, डोंगराळ, आणि किंमत निम्म्याच्या आसपास. पूर्वेकडे गात्तिनारा आणि गेम्मे इथे त्याच वाणाला स्पान्ना म्हणतात, जमीन तिथे वेगळीच.

चार दिवस असे घालवा. पहिल्या दिवशी रेल्वेने आल्बा. ऑक्टोबरात पांढऱ्या ट्रफलची जत्रा चालू असते, गर्दी असते, हॉटेल आधी ठरवा. दुसरा दिवस बारोलो: किल्ल्यातलं वाइन संग्रहालय, प्रादेशिक चाखणगृह, आणि दुपारी ला मोर्राचा सज्जा. गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने थुंकायच्या भांड्याचा वापर करायचा, तिथे त्यात काही वावगं नाही, सगळे तेच करतात. तिसरा दिवस बार्बारेस्को. चौथा कारेमा. दिवसाला दोन तळघरांपेक्षा जास्त ठरवू नका, आणि आधी ईमेल करा. तोडणीचे दिवस असतात, न सांगता गेलात तर लोक नाही म्हणणार नाहीत, पण त्यांच्या कामाचा खोळंबा होतो.

आणताना माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे दोघांत चार बाटल्या आरामात. मी घेईन त्या अशा: एक साधी लांगे नेब्बिओलो, कारण ती तरुणपणी प्यायलाच केलेली असते आणि या वाणाशी ओळख तिच्यापासून करावी. एक बार्बेरा, एक कारेमा आणि एक प्रोदुत्तोरीची बार्बारेस्को. बारोलो पाचवी नको, ती तुमच्या कपाटात आहेच.

त्या कपाटातल्या बाटलीबद्दल. 2019 हे वर्ष चांगलं पण सावकाश उलगडणारं आहे. थंड तळघर असतं तर 2030 पर्यंत हात लावू नका म्हटलं असतं. पण पुण्यात एप्रिल-मेमध्ये कपाटाच्या आत पस्तीस अंश होतं, आणि तेवढ्यात वाइन शिजते. नाशिक-पुण्यात कुणाकडे वाइनचा फ्रिज असेल तर तिथे आडवी ठेवा. नसेल तर उन्हाळ्याआधी, जानेवारीतल्या एखाद्या थंड रात्री उघडा. सकाळी बूच काढा, रुंद जगमध्ये ओता, तीन-चार तास उघडी राहू द्या. प्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये, म्हणजे सोळा-सतरा अंशांवर येईल. सोबत तिखट काही नको, जुनं चीज आणि लोण्यात परतलेले मशरूम ठेवा. पहिला घोट तुरटच लागेल. पेला तसाच ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा नाकाशी न्या.